दुपारी बारा ते तीन

तीर्थस्वरूप वन्सं यांना,
वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? भावोजींचा खोकला थांबला असेलच. आम्हीही खुशाल आहोत, दुपारचे बारा ते तीन सोडून.

त्याचं झालं असं, की या तीन तासांत वीज स्वस्त असते असं तुमच्या बंधुराजांनी पेपरात वाचलं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला वेळापत्रक मिळालं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच (माफ करा, तुमचे सख्खे भाऊ आहेत). पहिल्याच दिवशी बाराच्या ठोक्याला त्यांनी वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर, मिक्सर आणि पंप एकदम सुरू केले. बारा वाजून एक मिनिटाने घरातली वीजच गेली. तेव्हापासून प्रत्येक यंत्राला मिनिटं नेमून दिली आहेत. मिक्सरला चार. दाराची बेलसुद्धा बारापर्यंत बंद, त्यामुळे परवा शेजारच्या डॉक्टरीणबाई बेल दाबून दाबून परत गेल्या. तीनच्या आत उरकावं म्हणून सगळे कपडे मशीनमध्ये एकत्र कोंबले, तर माझ्या नव्या लाल साडीने यांचे पाचही सदरे गुलाबी केले (तेच घालून ऐटीत बाजारात जातात). माझी दुपारची झोप तर केव्हाच गेली.

पण खरं सांगू? दुकान बंद केल्यावर दोन महिने हे खिडकीशी नुसते बसून असायचे, जेवतानाही बोलायचे नाहीत. मला फार भीती वाटायची. आता अकरापासूनच बाह्या सरसावून तयार असतात. दहा तारखेला बिल येईल, आणि हे रोज विचारतात, "किती कमी येईल गं?"

तुमची एकुलती एक भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मीटर बघायला येणारा म्हणाला, तुमचा मीटर जुना, त्याला दुपारचे बारा काय नि संध्याकाळचे सात काय, सारखेच. स्वस्त दराला नवा मीटर लागतो. यांना हे सांगायची माझी छाती नाही. भावोजी वीजकचेरीत होते, त्यांना म्हणावं, जुन्या ओळखीने, गाजावाजा न करता तेवढा बदलवून द्या.

आणखी ता. क. ताई, पत्र पेटीत टाकायला हिने माझ्याकडे दिलंय आणि पाकीट उघडंच होतं. मीटरमध्ये घड्याळ नाही हे मला कळणार नाही होय? पहिल्याच आठवड्यात कळलं. पण तिला बोलू नकोस. चाळीस वर्षं मी दुपारी दुकानात असायचो, घरात ती एकटी किती राबते ते ठाऊकच नव्हतं. आता निम्मं मी उरकतो. विजेचं निमित्त नसेल तर ती मला कशालाही हात लावू देईल का?