बारक्याचा डावा हात

शनिवार, दि. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघे काल दुपारी सुखरूप पोचलो. बसमधून पाय खाली ठेवला आणि पाऊस सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. हिने वर्षभर आधी ठरवून ठेवलेली खोली हीच. खिडकीतून समुद्र दिसतो असं तिने मुलांना सांगितलं होतं. दिसतो, पण पावसाचा आणि त्याचा रंग एकच आहे. ती गेल्यावर तिच्याशिवाय यावं की नाही हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं. मुलांना कबूल केलेलं होतं म्हणून आलो.

खोली एकच आहे. तीन खाटा, एक टेबल, आणि आडव्या दोरीवर आमचे न वाळणारे कपडे. घरमालकीण शेजारीच राहते. सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे पत्र दिलं की ते दुसऱ्या दिवशी तुला मिळतं असं ती म्हणाली. फोनवर मी गप्प बसतो आणि तू रडतेस, त्यापेक्षा हे बरं.

मुलांचं काय करावं समजत नाही. काल पत्ते खेळलो. आज सकाळी पुन्हा पत्ते. बारक्या हरला की पत्ते खाटेखाली टाकतो आणि थोरली वाकून गोळा करते. नऊ वर्षांच्या पोरीने इतकं शहाण्यासारखं वागू नये. पावसाचे दिवस मुलांची आई कशी घालवायची हे मला ठाऊकच नाही, कारण तेव्हा मी कामावर असायचो. तुला काही सुचत असेल तर कळव.

दातांच्या डॉक्टरांना तीन कवळ्या लवकर हव्या होत्या, म्हणून कामाची पेटी बरोबर आणली आहे. मुलं झोपली की करतो.

आपण ठरवलं त्याप्रमाणे परत आल्यावर बारक्या तुझ्याकडे येईल आणि थोरली माझ्याजवळ राहील. मी आठला घर सोडतो, पाच वर्षांचं पोर मागे कुणावर टाकणार? हे मला पटलेलं आहे. दोघांना मात्र अजून सांगितलेलं नाही. पाऊस थांबला की वाळूत बसून सांगेन.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
भाऊ

सोमवार, दि. ६

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आयुष्यभरात तू मला लिहिलेलं हे सर्वांत लांब पत्र. दाजींनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, याला दर वर्षी पावसात कोंडून ठेवायला हवं.

मुलं पावसाने नाही, तुझ्या गप्प बसण्याने कंटाळली असतील. खाटांवर चादर टाकून घर करून दे. शंख-शिंपले आणून आकाराप्रमाणे लावायला सांग. माझ्या शिवणवर्गातल्या बायकांची पोरं बटणांच्या डब्यावर दोन दोन तास काढतात. आणि तुझ्या हातात कला आहे ती काय फक्त म्हाताऱ्यांच्या कवळ्यांसाठी? पेटी उघड की त्यांच्यासमोर.

इकडे सगळी तयारी झाली आहे. बारक्यासाठी छोटी खाट आणली. तो वाकून बघतो म्हणून दाजींनी खिडकीला जाळी बसवली. आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत त्याचं नावही सांगून ठेवलं. तुला वाटेल ताईला घाई झाली आहे. झाली आहे. या घरात लहान पाऊल कधी वाजलं नाही हे तुला वेगळं सांगायला नको.

पण मुलांना लवकर सांग. पाऊस थांबायची वाट बघू नकोस. तुला गोष्टी पुढे ढकलायची सवय आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तिकडेच आहे.

ताई

बुधवार, दि. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि पेटी उघडली. दोन दिवस बरे गेले.

आधी मेण कोमट करून त्यात शिंपल्याचा ठसा घेतला, मग प्लास्टर भिजवून ओतलं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं हे कळल्यावर बारक्या त्याला ताप आला म्हणाला आणि कपाळाला लावावा तसा हात लावून बसला. थोरलीने सगळं एकदाच बघितलं आणि लक्षात ठेवलं. ठशाला तेलाचं बोट फिरवायचं, पाण्यात प्लास्टर सोडायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, बुडबुडे जाईपर्यंत वाटी आपटायची. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलाला हे कळायला महिना लागला होता. आता खिडकीत सतरा शिंपले, एक चमचा, एक किल्ली आणि घरमालकिणीच्या चपलेची टाच अशी रांग आहे. दारात बादलीभर समुद्राचं पाणी आहे, त्यात एक खेकडा होता. तो काल पळून गेला, बादली तशीच आहे.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. पेटीच्या खालच्या कप्प्यात हिच्या दातांचा प्लास्टरचा साचा आहे. दोन वर्षांपूर्वी दाढेला टोपी बसवली तेव्हाचा. ती गेल्यावर तो कामाच्या फळीवर ठेववेना, म्हणून फडक्यात बांधून पेटीत घातला. काल मेण शोधताना तो बारक्याच्या हाती लागला. पुढचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला बघून त्याने लगेच ओळखला. रडला नाही. त्याने तो खिडकीत समुद्राकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाला की आईला दिसू दे.

थोरलीने मला विचारलं की हे का ठेवलं. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, माणूस जवळ नसलं की त्याचं काहीतरी हाताशी असावं. तिने मान डोलावली.

सांगायचं अजून राहिलं आहे. पाऊस आहे. तुझा हात आमच्यावर असू दे.

भाऊ

शुक्रवार, दि. १०

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तो साचा आधी आत ठेव. लेकरांनी मेलेल्या आईचे दात घेऊन खेळायचं? वाचून मला जेवण गेलं नाही. तू दुःखात आहेस हे मला कळतं, पण तुझ्या दुःखाचं ओझं त्या पोरांच्या हातात देऊ नकोस. म्हणूनच मी म्हणते की बारक्या तिथून लवकर निघालेला बरा.

तुझ्याने सांगणं होत नाही ना, मग मी येते. रविवारी, दि. १९ च्या बसने पोचते आणि त्याला तिथूनच घेऊन जाते. तू फक्त त्याचे कपडे वेगळे बांधून ठेव.

रागाने लिहिलं आहे, पण मायेनेच घे.

ताई

शुक्रवार, दि. १०

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र मी कंडक्टरकाकांना स्वतः देणार आहे. बाबांना माहीत नाही.

बारक्याला झोपताना भिंतीकडची बाजू लागते. नाहीतर तो पडतो. त्याला दूध गार करून द्यायचं, पण साय आली तर तो पीत नाही, आणि साय काढलेली त्याला दिसली तरी पीत नाही. त्याचं निळं फडकं धुवायचं नाही. गडगडलं की त्याला भीती वाटते पण तो सांगत नाही, नुसता उभा राहतो. तेव्हा त्याला काहीतरी काम सांगायचं. बटणं मोजायला दिलीस तर तो एकोणीसच्या पुढे पुन्हा अकरा म्हणतो. त्याला हसायचं नाही. आई कुठे आहे असं त्याने विचारलं तर त्याला माहीत आहे, तो फक्त विचारतो. आपण हो म्हणायचं आणि जवळ बसायचं.

बाबांना मी सांभाळीन.

तुझी,
थोरली

रविवार, दि. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जे झालं ते तसंच लिहितो.

दुपारी पाव संपला म्हणून मी समोरच्या दुकानात गेलो. पावसाने वीस मिनिटं अडकलो. परत आलो तेव्हा खोलीत अजिबात आवाज नव्हता. बारक्या टेबलाशी उभा होता आणि त्याचा डावा हात मनगटापर्यंत बिस्किटांच्या डब्यात होता. डबा प्लास्टरने भरलेला. थोरली त्याचं कोपर धरून उभी होती. ती मला म्हणाली की सगळं तुम्ही शिकवलं तसंच केलं, तेलही लावलं, पण ते लवकर घट्ट झालं आणि आता सुटत नाही.

तिने पाणी दारातल्या बादलीतलं घेतलं होतं. खाऱ्या पाण्यात प्लास्टर झटकन घट्ट होतं हे मी तिला सांगितलं नव्हतं. आणि इतकं प्लास्टर एकदम भिजवलं की ते हात भाजण्याइतकं तापतं, हेही नाही. बारक्याचा चेहरा घामाने भिजला होता. थोरलीने हलू नकोस म्हटलं म्हणून तो हलला नव्हता आणि रडलाही नव्हता. मी पकडीने डबा फाडला, सुरी लावून प्लास्टर मधोमध तोडलं. हात लाल झाला होता, दोन बोटांवर फोड आले. घरमालकिणीने आम्हाला नर्सबाईंकडे नेलं. मलम लावलं आहे, चार दिवसांत बरं होईल म्हणाल्या. रात्री त्याला झोप लागली. मला नाही.

मी थोरलीला रागावलो. इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की डावा हात घेतला, कारण उजवा त्याला चित्रं काढायला लागतो. मी विचारलं, पण हात कशाला हवा होता. तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच लहान आहे. म्हणाली, तो आत्याकडे जाणार आहे ना, मग त्याचं काहीतरी हाताशी नको का.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. खोली एकच आहे.

ताई, तिला वाटतं की आपल्या घरात माणूस गेलं की त्याचं प्लास्टर उरतं. हे तिला मीच शिकवलं.

मी जरा वेळ घराबाहेर गेलो आणि पोराचा हात भाजला. यानंतर मुलं माझ्याजवळ ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही, हे समजून लिहितो आहे. तरी म्हणतो. दोघांना एकत्र ठेवू दे. इथे एका टेबलावर, मुलांच्या गोंगाटात, माझ्या तिन्ही कवळ्या झाल्या. डॉक्टरांना विचारून कामाचा बाक घरी आणीन. नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघीन.

यावर तू जे म्हणशील ते ऐकेन, पण एकदा माझ्या बाजूने विचार कर.

भाऊ

मंगळवार, दि. १४

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राआधी एक दिवस थोरलीचं पत्र आलं होतं. तिने तुला दाखवलं नसेल, मीही दाखवणार नाही. दाजींनी ते वाचलं आणि उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले की ही पोर आपल्याला मूल सोपवत नाही, आपली परीक्षा घेते आहे, आणि आपण नापास आहोत.

तू चुकलास. मूल आणि प्लास्टरची पेटी एका खोलीत सोडून कुणी जात नाही. हे मी एकदाच म्हणते, पुन्हा काढणार नाही. चूक माझीही आहे. एक पोर उचलून आणलं की निम्मं ओझं उतरतं, असा माझा हिशेब होता. तुझं ओझं, असं मी म्हणत होते. खरं सांगते, मला तो हवा होता.

मी रविवारी येते, पण न्यायला नाही. शाळा सुरू होईपर्यंत तुमच्याकडे राहते, तोवर तुझा बाक घरी येतो का ते बघू. नाही आला तर पुढचं पुढे, पण दोघांची ताटातूट नाही. छोटी खाट दाजी तुझ्याकडे पोचवतील. ती भिंतीला लावून ठेव. खिडकीची जाळी मात्र इथेच राहू दे. मुलं सुट्टीत येतील तेव्हा लागेल. येतील ना?

साच्याबद्दल मी जास्त बोलले. खिडकीत असेल तर असू दे.

सगळ्यांना जवळ घेतलं आहे असं समज.

ताई

गुरुवार, दि. १६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी पाऊस थांबला. मुलं अजून किनाऱ्यावर गेलेली नाहीत. बारक्याचा हात ओला करायचा नाही, आणि तो जात नाही म्हणून ती जात नाही.

बारक्या तुझ्याकडे जाणार नाही हे मी दोघांना सांगितलं. वाळूत बसून नाही, खाटेवर बसूनच. बारक्याने विचारलं की मग जाळीचं काय. त्यालाही सगळं माहीत होतं. थोरलीने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही.

फोडलेल्या प्लास्टरचे दोन तुकडे मी टाकले नव्हते. आत हाताचा ठसा नीट उमटला होता. दुपारी ते जोडले आणि हिरड्यांसाठी वापरतो ते गुलाबी मेण ओतलं. हात निघाला. करंगळी अर्धीच आली. थोरलीने तो बराच वेळ बघितला, मग खिडकीत आईच्या साच्याशेजारी ठेवला. मी अडवलं नाही.

संध्याकाळी तिने विचारलं की हा किती दिवस ठेवायचा. मी म्हणालो, बारक्याचा हात याच्यापेक्षा मोठा होईपर्यंत. मग हा वितळवून याच मेणात नवा ओतायचा. दर वर्षी, ठसा मी घेईन, गोड्या पाण्यात. ती म्हणाली की म्हणजे तो दर वर्षी आपल्याजवळ असायला लागेल. मी हो म्हणालो. तेव्हा ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तू रविवारी येशील तेव्हा आम्ही बसपाशी असू. आईचा साचा तसाच राहणार का, हे तिने अजून विचारलेलं नाही. तू असशील तेव्हा विचारलं तर बरं.

ये. वाट बघतो.

भाऊ