पाणी लय ऊन न्हाई ना?

सांगली

विजयमाला मॅडम यांस,

तुमची साताऱ्याला बदली झाली तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त मीच रडले होते. आज मात्र तुम्ही इथं नाहीत याचं बरं वाटतंय. हे पत्रही माझ्या पेटीतच राहणार आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला तुम्ही मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. प्लॅस्टिकच्या बाहुलीचं अंग पुसताना मी तिला विचारलं होतं, "आजी, पाणी लय ऊन न्हाई ना?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

आमच्या वॉर्डात सध्या बनाबाई आहेत, माझ्याच माण तालुक्यातल्या. आज एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं आपल्या वर्गातली चंदना त्यांचं अंग पुसत होतो. मेसची आमटी किती पाणचट झालीय, यावर आमचं बोलणं रंगलं होतं. बोलता बोलता त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पुन्हा उताणं केलं. हात आता सराईत झालेत.

बनाबाईंनी हळूच माझं मनगट धरलं.

"पोरी, मी मेलीय का गं?"

ओला कपडा माझ्या हातात तसाच राहिला.

"सासूला शेवटची आंघोळ घातली तवा आमी बायाबी अशाच आपसात बोलत हुतो. पानी ऊन हाय का गार, तिला कुनी इचारलं न्हाई."

"न्हाई, आजी," एवढंच मी म्हणाले. सकाळपासून त्यांच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द होते.

मॅडम, ते मार्क तेवढे परत घ्या.

तुमच्या वर्गातली,
प्रियदर्शनी