झुंबरची चमकी

९ जानेवारी १९६८, धुळे

भाकरी खाताना दाताखाली कचकन आलं. वाटलं, दाढ गेली! हातावर काढून बघतो तर काचेचा खडा. बायकोच्या, झुंबरच्या चमकीतला. पीठ मळताना पडला असणार. ती आरशापुढे गेली—नाकात नुसतं रिकामं कोंदण. आधी घाबरली, मग इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. पोरीही हसल्या. आबा म्हणाले, "मना तं दातच नहीत, मी तं गिळी जातू!"

मी हसलो नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि बायकोच्या नाकात काच! आबांसमोर, वडिलांच्या देखत कसं बोलणार, पण मनात ठरवून टाकलं. खरा हिरा घ्यायचा. लहान का असेना. पैसे बाजूला टाकलेले आहेत, त्याचं इथे लिहीत बसत नाही.

११ जानेवारी

हिरा घेतात कसा? मला गाडीचा आवाज कळतो. कुठे खडखडतंय ते स्टिअरिंगवर हात ठेवला की समजतं. हिऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा कंडक्टर वना म्हणाला, "भाऊ, जळगावला चंपालालशेठ आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नाचं सगळं त्यांच्याकडचं. उद्या गाडी लागली की जाऊ."

१२ जानेवारी

गेलो. खाकी कपड्यातच. पेढीवर चप्पल काढताना उगीच लाज वाटली. शेठनी तीन हिरे काढून समोर ठेवले. मी झटकन सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं. लखलखत होता नुसता!

शेठ हसले. "दिव्याखाली सगळेच लखलखतात, भाऊ. दारात या. उन्हात नको, सावलीत."

पांढऱ्या कागदाची घडी करून तिच्यात एकेक हिरा ठेवला आणि मला आडवा बघायला लावला. मोठा पिवळा निघाला—दुधात हळद पडावी तसा! दुसऱ्यात भिंगातून काळा ठिपका दिसला. तिसरा स्वच्छ. शेठ म्हणाले, "आधी पाणी बघा, रंग किती स्वच्छ ते. मग डाग. मग पैलू—ते नीट पडले नसतील तर उजेड आत शिरतो आणि खालून निसटून जातो. आकार सगळ्यात शेवटी." मी इतकी वर्षं उलटंच समजत होतो.

तिसराच घ्यावा म्हटलं. शेठनी पुडीत बांधून हातात दिला. "आठ-दहा दिवस घरी ठेवा. लाभतो का बघा. नाही लाभला तर परत आणा, मी काही विचारणार नाही." ओळख वनाची, तरी एवढा विश्वास! मी विचारलं, तुम्ही मानता का हे लाभण्याबिभण्याचं?

"मी विकतो, भाऊ. गिऱ्हाईक मानतं."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. पुडी माझ्या उशाखाली. घरात कोणाला पत्ता नाही. मजा वाटते!

१६ जानेवारी

वाईट दिवस. एरंडोलच्या पुढे रेडिएटर फुटला. पॅसेंजर मलाच बोलत होते, जणू मीच फोडला. घरी येतो तर आबा खाटेवर, पायाला हळदीचा लेप. ओट्यावरून उतरताना मुरगळला. आणि मी मूर्ख! माझ्या तोंडून निघून गेलं—हिरा घरात आला आणि हे सुरू झालं.

आबा उठून बसले. "हिरा? परत कर. हाऊ आपले लाभत नही."

झुंबर दारात उभी. तिला तर हिरा आहे हेच माहीत नव्हतं.

१७ जानेवारी

सकाळी चहा ठेवताना झुंबर बोलली. "गाडी जुनी शे. आबासनं वय झायं. त्याम्हा हिरानी काय करं?"

मला बरं वाटलं. तेवढ्यात पुढचं आलं—"पन नाक मनं, आनि हिरा तुम्ही एकलाच कसा पसंत कया?"

तिच्या माहेरची, सोनगीरची माणसं अशीच सरळ बोलतात.

२१ जानेवारी

आज झुंबर माझ्या गाडीत बसली! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. माहेरी जायची तेव्हा नेमकी दुसऱ्याची ड्यूटी असायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ऐटीत. पारोळ्याच्या अलीकडे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जरा हळू चालवा!" गाडी हसली. वना तर तिकीट फाडायचं विसरला.

शेठच्या पेढीवर आधी बुजली. मग मीच तिला दारात नेलं—सावलीत बघ म्हटलं, कागदावर धर. मोठा जाणकार मी! तिनं माझा हिरा नाकाशी धरून आरशात पाहिलं. मग आणखी एक मागितला. त्याहून लहान. तो धरला. पुन्हा पहिला.

"हाऊ लावा तं हिराच दिखस," ती म्हणाली. "तो लावा तं मी दिखस."

शेठनी लहान हिरा भिंगाखाली धरून आधी तिला दाखवला, मग मला. डाग नाही. पाणी एकदम स्वच्छ. मी पसंत केलेला परत पुडीत गेला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट परत येताना शीळ घालत होतो—ड्यूटीवर!

२५ जानेवारी

चमकी घडून आली. झुंबरनं घातली. मान वळवली की बारीक ठिणगी उडते, मग तिचा चेहरा. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आबांनी खाटेवरून हाक मारली, तिला उजेडात उभी केली, बराच वेळ बघितलं.

"बरं दिखस, पोरी."

परत कर म्हणाले नाहीत.

३० जानेवारी

गाडी वेळेवर. भरीत-भाकरी. आबा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

६ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. बरं चाललंय.

१२ फेब्रुवारी

आबा गेले. पहाटे, झोपेतच. काही त्रास झाला नाही.

अंगणात बायका बसल्या होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, हिरा लाभला नाही या घराला. झुंबरनं ऐकलं. तिचा हात नाकाकडे गेला, चमकीची फिरकी सोडवायला लागली. मी सगळ्यांच्या मधून गेलो आणि तिचा हात धरला. तसाच धरून तिच्याशेजारी बसलो.