पेटीवरची शाल

भाईंदर पश्चिम,
१९ जानेवारी २०२५

चि. कौस्तुभला बाबांचा आशीर्वाद.

रोज फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनच्या वेळी आई शेजारीच बसलेली असते. लिहिलेलं बरं.

आधी शेरूचं. तुझा सरडा सुखरूप आहे, फक्त आता आपल्याकडे नाही. घोडबंदरच्या गिरिजाकडे दिला. ती असेच परदेशी सरडे सांभाळते.

तू सांगून गेलास ते सगळं पाळत होतो. उबेचा बल्ब त्याच्या काचेच्या पेटीच्या एकाच टोकाला, म्हणजे उकडलं तर त्याला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. बल्बला जाळी. फार तापलं की बंद करणारा थर्मोस्टॅट. वर कापड टाकायचं नाही, हेही लक्षात होतं.

बुधवारी भाजी घेऊन आलो तर जिन्यात धूर. समोरची हेमाली आपल्या दारात उभी. "अंकल, घबराओ मत. मेन स्विच बंद कर दिया मैंने. आंटी ठीक है." आपली दुसरी चावी तिच्याकडे असते म्हणून निभावलं.

पेटीवर आईची लोकरीची शाल, अर्धी जळलेली. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर पेटीबाहेर लोंबत होती. झाडताना आईने ओढली असावी. बाहेरच्या गार हवेत त्या वायरला काय कळणार! बल्ब तापतच राहिला.

आई पलंगावर बसली होती, शेरू पदरात. त्याला काही झालं नव्हतं. त्याला बाहेर काढताना आईचा उजवा तळहात मात्र भाजला. आता फोड बसलेत, पण पोळ्या लाटता येत नाहीत.

खरं तर पोळ्या ती दिवाळीपासूनच करत नाही. कणीक मळते आणि विसरून जाते. मी लाटतो.

मी ओरडलो, "अगं, शाल कशाला टाकलीस?"

"कौस्तुभ कुडकुडत होता. तुम्हाला दिसत नाही का?"

मला वाटलं, घाबरून बोलतेय. मग शेरूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बघा, आता ऊब आली बाळाला."

डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच स्मृतिभ्रंश सांगितलाय. तुझा फोन आला की ती 'जेवलास का, बर्फ पडतोय का' विचारते आणि तुला वाटतं आई ठणठणीत आहे. ते दोन प्रश्न मी तिला आधी सांगून ठेवतो.

बल्ब बंद ठेवला तर शेरूला खाल्लेलं पचत नाही, तो मरतो. चालू ठेवला तर आईला घरात सोडून खाली दुकानातही जाता येत नाही. मग काय करणार? खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवली आणि शेरूला रिक्षाने गिरिजाकडे घेऊन गेलो.

परत आलो तर आई दारातच.

"कुठे सोडून आलात त्याला?"

"कॅनडाला गेला. नोकरी लागली."

"एकटा? एवढासा?" म्हणाली, आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

काल तिला तुझा फोटो दाखवला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय मुलगा."

मी तुला आजवर कधी 'ये' म्हटलं नाही. आता म्हणतोय. ती ओळखेलच असं नाही. तरी ये.

खाली आईचा आशीर्वाद लिहायची आपली पद्धत आहे. तिने तो सांगितलेला नाही, म्हणून या वेळी लिहीत नाही.

तुझे,
बाबा