चार बोटं लांब दार

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोकल्याबद्दल वाचलं, पण कीव आली नाही. थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून झोपणाऱ्या बाईने खोकल्याची तक्रार करू नये.

आता बातमी. आप्पांची उघडी मोटार अखेर शेडमधून बाहेर काढली. इतकी वर्षं तिच्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर शेजाऱ्यांच्या कोंबड्या. दोन्ही हटवल्यावर खाली मोटार निघाली हेच नवल. टपाचं कापड बोट लावताच भुगा झालं आणि मागच्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्यात. पण आप्पांनी बांधलेली बॉडी शाबूत आहे. जुन्या गाड्यांचे एक जाणकार साहेब भेटलेत, त्यांच्या हाताखाली ती नव्यासारखी करून घेतो आणि वसंतातल्या प्रदर्शनात उतरवतो.

इंजिन परदेशी आहेच. साहेबांचं म्हणणं, बॉडीही तिकडच्या एखाद्या बड्या कारखान्याची म्हणून सहज खपेल. तशा कारखान्याचं नाव कोरलेली एक पितळी पट्टी त्यांच्या संग्रहात आहे. अडचण एकच. चालकाच्या शेजारचं दार दुसऱ्या दारापेक्षा चार बोटं लांब निघालं! साहेब हसून म्हणाले की कारागिराला माप घेताना डुलकी लागली असावी. आप्पा भोळे होते, लागलीही असेल. ते दार कापून दोन्ही सारखी करून घेतोय.

तुझा,
धाकटा


ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या साहेबांचं वर्णन वाचून धन्य झाले. आपल्याच बापाची मोटार परक्याच्या नावावर 'सहज खपेल' असं ज्याला सुचतं तो जाणकार, आणि ज्याला ते पटतं तो माझा भाऊ. देवाने जोडी छान जमवली.

तुला माहीत नसेल तर ऐक. एका कापडगिरणीच्या मालकाने नुसतं इंजिन आणि चाकं असलेला सांगाडा आपल्या वर्कशॉपात आणून टाकला होता. वर शोभेलशी बॉडी बांधा, म्हणाला. पुढे गिरणीला टाळं लागलं, मालक गाव सोडून गेला आणि सांगाडा मागेच राहिला. त्यावर आप्पांनी आधी लाकडाचा साचा उभा केला, मग पत्रा ठोकून ठोकून त्यावर बसवला. त्या ठोक्यांच्या तालावर मी पाढे पाठ केलेत. अजूनही सातचा पाढा म्हणताना मला ओल्या लाकडाच्या भुशाचा वास येतो. डुलकी लागली म्हणे! आप्पा झोपेतसुद्धा काटकोनात झोपायचे.

दाराला हात लावायचा नाही. कारण विचारू नकोस. आप्पांच्या मापावर हसणाऱ्याला कारण समजावत बसण्याइतकी मी रिकामी नाही.

तुझी,
ताई


ता. १७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आयुष्यभर मास्तरकी केलीस हे मान्य, पण मी तुझ्या वर्गात नाही. कारण न सांगता हुकूम सोडायची तुझी खोड जुनीच. लहानपणी 'तिकडे जायचं नाही' म्हणायचीस, तिकडे काय आहे ते मला कधी कळलंच नाही.

आठवणी कुरवाळायला काही लागत नाही ताई, मोटार उभी करायला लागतं. तू त्या शेडकडे कधी फिरकलीस? उंदरांची घाण मी काढली. प्रदर्शनात परीक्षक मोजपट्टी घेऊन फिरतात, त्यांना तुझा सातचा पाढा ऐकवू का? पुढच्या सोमवारी पत्र्याचा कारागीर येतोय. दार कापलं जाणार.

खोकला कसा आहे ते कळव. खिडक्या लाव.

धाकटा


ता. १८ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांनी काल तुम्हाला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं, आणि मी नाक मुरडल्यावर म्हणाले की तू ताईचीच वकील.

वन्सं, मोठ्या आहात म्हणून रागावलात तरी चालेल, पण तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना तुच्छ लेखण्यात इतकी तरबेज आहात की मधल्या मध्ये ते दार जाईल. हे साहेब मलाही आवडत नाहीत. चहाची बशी सीटवर ठेवतात. पण आमचे हे वाईट नाहीत हो. परवा डॅशबोर्डचं लाकूड पुसता पुसता थांबले आणि विचारायला लागले, आप्पांचे हात कसे होते, आठवतात का तुला. मी सून म्हणून आले तेव्हा आप्पा थकलेले; मी काय सांगणार? सांगू शकाल अशा तुम्हीच. कारण असेल तर सांगून टाका. ते मागून घेणार नाहीत आणि तुम्ही आपणहून देणार नाही, असं किती दिवस?

खोकल्याला कोमट पाणी प्या.

आपली,
भावजय


ता. २२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे. हे आशीर्वादाइतकंच खरं समज.

तुला आई आठवत नाही. त्यात तुझा दोष नाही, ती गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझ्या बैठकीत तिचा फोटो आहे. खुर्चीत बसलेली, एक पाय पुढे लांब सोडलेला. पाहुण्यांना तू सांगतोस की त्या काळच्या बायका अशा ऐटीत बसायच्या. मी दर वेळी ऐकते आणि तुझ्या अकलेला हात जोडते. अरे शहाण्या, आईचा गुडघा वाकतच नव्हता. लहानपणीच्या आजारात आखडला तो कायमचा. बसमध्ये पाय आडवा येतो म्हणून लोक पुटपुटायचे, म्हणून तिने कुठे जाणंच सोडलं होतं.

तो सांगाडा मागे राहिला तेव्हा आप्पांनी तिला वर्कशॉपात नेऊन स्टुलावर बसवलं, पाय फरशीवर सरळ ठेवायला लावला आणि खडूने त्याभोवती रेघ मारली. आई हसून म्हणाली होती की शिंपी निदान उभं करून तरी माप घेतो. त्या रेघेवरून ते दार झालं. सीटही त्या बाजूची मागे आहे, तुझ्या साहेबांच्या मोजपट्टीला ते अजून सापडलेलं दिसत नाही. पाय न वाकवता, कुणाचा हात न धरता तिला आत बसता यायचं. शेजाऱ्यांसमोर ती राणीसारखी बसायची आणि आप्पा तिच्याकडे न बघता बघायचे.

मी हे आजवर का सांगितलं नाही? तुझ्याकडे आप्पांची मोटार होती, माझ्याकडे एवढंच होतं. आता तेही तुझ्याकडे दिलं. सोमवारच्या आत पोचेल की नाही देव जाणे.

ताई


ता. २९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी पोचलं.

दार कापून झालं होतं, चौकटही तेवढीच आखूड केलेली. कापलेली पट्टी कोपऱ्यात पडली होती, तिच्यावर साहेबांनी छत्री टेकवून ठेवलेली.

मी गुडघ्याला मागून लाकडाची फळी बांधली आणि त्या कापलेल्या दारातून आत बसायला गेलो. अर्ध्यात अडकलो. पुढेही जाईना, मागेही येईना. तुझी लाडकी भावजय आधी पोट धरून हसली, मग तिनेच मला ओढून बाहेर काढलं. साहेब म्हणाले की उंची मोटारीत असल्या सोयी शोभत नाहीत, परीक्षक गुण कापतील. म्हटलं, कापू देत, आम्हीही कापूनच बसलोय. त्यांची छत्री आणि ती पितळी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि फाटक दाखवलं.

कारागिराने चौकट पुन्हा मोकळी करून कापलेला तुकडा परत जोडलाय. सांधा दिसतो. वर पुट्टी भरून रंग मारला तर दिसणार नाही, असं तो म्हणतो. तुझं काय म्हणणं आहे? या वेळी कारण न सांगता सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


ता. २ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस. पाटीवर बॉडी बांधणाऱ्याच्या जागी आप्पांचं नाव होतं, ते वाचायला कोण थांबलं आणि कोण नाही, याची मी तुझ्यासारखी नोंद ठेवत नाही. पहिलं बक्षीस म्हणे त्या गुलाबी मोटारीला, जिच्यासमोर तुझे साहेब हार घालून उभे होते. दोघांनाही एकमेकांची संगत लखलाभ.

रविवारी मोटार माझ्या दारात आणलीस, त्याबद्दल थोडं. सीटचं कातडं भिकार आहे. आप्पांनी तपकिरी वापरलं होतं, तू लावलंयस ते वांग्यासारखं दिसतं. हॉर्न वाजवलास तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं बंदराला बोट लागली. वळण घेताना अजूनही जीभ बाहेर काढतोस. सांधा मात्र उघडा ठेवलास ते बरं केलंस. मी जाता-येता त्यावरून बोट फिरवलं, तू पाहिलं नाहीस. किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलंस. तेही आप्पांचंच.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू खाली उतरून मला हात द्यायला निघालास आणि मी खेकसले, ते उगाच नव्हतं. माझे दोन्ही गुडघे चांगले वाकतात, तुला माहीत आहे. पण मी आत बसले ती पाय सरळ ठेवून, कुणाचा हात न धरता. बघायचं होतं.

पाय कुठेही अडला नाही. आप्पांचं माप चुकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ये. मी फाटकाशी उभी असेन, हॉर्न वाजवू नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी,
ताई