हंबीररावाचं लव्हेंडर

२ ऑक्टोबर १९४४, फलटण
इटलीत लढत असलेल्या चि. हंबीररावाचे पत्र व पार्सल आले. लव्हेंडर तेल, एक औंस. सौ.ला अक्षरओळख नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे मीच मोठ्याने वाचले : "आईचे डोके दुखते, झोप नाही, म्हणून हे तेल." पुढची ओळ, 'आबांना हात लावू देऊ नये', गाळली. जेवायची वेळ झाली होती.

३ ऑक्टोबर
माझ्या इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे (इंग्रजी डिक्शनरीवरून शिकलो, मास्तर ठेवला नाही) लव्हेंडर चालते : डोकेदुखी, निद्रानाश, भाजणे, कीटकदंश. सौ.ला देण्याआधी तपासणे कर्तव्य. फक्त पाच थेंब.

९ ऑक्टोबर
शेजारच्या आप्पासोंच्या डोकेदुखीवर चार थेंब. गुण आला. ते म्हणतात, चहाने. समोरच्या हरणाबाईच्या भाजलेल्या हातावर सहा. माझ्या उशीवर दहा : दुपारी अडीच तास झोप. (एरवीही अडीचच. खरे ते लिहावे.)

१५ ऑक्टोबर
सौ. तेल लावतच नाही. रोज बूच काढते, वास घेते, बंद करते. कारण विचारले. म्हणाली, "लेकाच्या हातची हाय. संपवू कशापायी?"
जेवण गेले नाही. उद्यापासून बाटलीला हात लावणे बंद.

१६ ऑक्टोबर
गांधीलमाशी चावली. नाइलाज. तीन थेंब.

१२ नोव्हेंबर
असे नाइलाज महिनाभर होत राहिले. बाटलीत पाव भाग उरला. खोबरेल घालून पातळी जुन्या खुणेला आणली. तंतोतंत.

७ डिसेंबर
थंडी पडली. बाटलीतले तेल गोठून पांढरे. हे लक्षात यायला हवे होते. सौ.ला सांगितले, विलायती माल, इथली हवा मानवली नाही. "व्हय, आसंल," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.
दुपारी ती हंबीररावाचे पत्र घेऊन शालूबाई मास्तरणीकडे गेली. पुन्हा ऐकावेसे वाटले असेल.

१९ जानेवारी १९४५
हंबीररावाचे पत्र सौ.ने आणून दिले. पत्त्यावर शालूबाईंचे नाव, पोस्टाचा घोटाळा. पाकीट फोडलेले, सेन्सॉर. वाचायला बसलो. सुखरूप आहे, बर्फ फार. 'आबांनी बाटलीत खोबरेल भरल्याचे समजले. दुसरी पाठवली आहे.' ही ओळ अर्थातच गाळली. शेवटची मात्र ओघात वाचून गेलो : "शालूबाईंनी हे पत्र आईला आधी वाचून दाखवले असेलच."
सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मधली ओळ ऱ्हायली न्हवं."
वाचली. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्याने.

२३ जानेवारी
दुसरी बाटली आली. तिच्या ट्रंकेत आहे. कुलूप आहे.
सकाळपासून माझे डोके खरोखर ठणकते आहे. मागितले नाही. सौ.नेच ओळखले, कपाळाला तेल चोळून दिले. जुन्या बाटलीतले, उन्हात ठेवून पातळ केलेले. थेंब मोजले नाहीत.
गुण आला का, असे तिने विचारले. आला म्हणालो.