दाजीबा कोण होता, याबाबत

मी, शेषराव पुंजाजी पडोळ, वय ६७, निवृत्त शिक्षक, राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. दिवाळीचा भरवसा धरू नका असेही त्यांनीच सांगितले, म्हणून घाई.

१. राहते घर पत्नी अन्नपूर्णाबाईचे. माझ्यासारख्या घुम्याबरोबर तिने चाळीस वर्षे काढली.

२. सर्व्हे नंबर ४१ मधले बांधालगतचे नऊ तास, म्हणजे नांगराच्या नऊ ओळींची पट्टी, माझे नाहीत. थोरले बंधू वारल्यावर वच्छलावहिनी एकट्या पडल्या आणि मी दर नांगरटीला आमच्या सामाईक धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, एकेक तास माझ्याकडे कोरून घेतला. नऊ वर्षे. वहिनी विचारायच्या, "भाऊजी, धुरा इकडं सरकून राह्यला का हो?" मी म्हणायचो, "पाण्यानं खचला असन." ती जमीन त्यांना परत द्यावी.

३. 'कोरलेला धुरा' ही माझी कादंबरी पुन्हा छापू नये. पहिल्या खर्ड्यात तिचा खलनायक दाजीबा मिशा पिळत गडगडाटी हसायचा. हा माणूस कागदी आहे, असे लिहून प्रकाशकाने बाड परत धाडले. राग आला, पण त्याचे खरे होते. मग मी दाजीबाला माझे कृत्य दिले. माझा चेहरा दिसू नये म्हणून बाकी सगळे बालमित्र उकंडराव इंगळेचे दिले: लंगडी चाल, अडकित्त्याचा चाळा, आधी बैलाला घास भरवून मग जेवायची रीत. बैलावर एवढा जीव लावणारा माणूस विधवेचा धुरा कोरतो, हे वाचून लोक हादरले. दाजीबा खरा झाला.

गाव म्हणाले, हा तर उकंडराव. भरबाजारात त्याला दाजीबा म्हणून हाका मारू लागले. पिंपळगाव राजा या गावची ठरलेली सोयरीक मोडली आणि त्याची मुलगी कौशल्या सोनाळ्याच्या बिजवराला द्यावी लागली. तो माझ्या ओसरीवर आला होता. "शेषराव, म्या कोणाचा धुरा कोरला बे? एकडाव गावाले सांग ना!" मी म्हणालो, "अरे, कादंबरी आहे ती." माझ्या धुऱ्याकडे कोणी बघत नव्हते, ते मला सोयीचे होते. मी नीचपणा केला.

४. कलम दोन आणि तीन माझे मेहुणे भगवानराव यांनी तेराव्याच्या पंगतीत, पाने वाढून झाल्यावर मोठ्याने वाचावीत. भरल्या पानावरून कोणी उठत नाही.

५. उकंडरावला काही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, आणि मला त्याची साक्षच हवी आहे. त्याने सही केली तर गाव मानेल. नाही केली तर म्हणतील, मास्तरने मरता मरता आणखी एक गोष्ट रचली. निरोप धाडला होता, तो आला आहे. समोर बसला आहे, अडकित्ता खिशातच आहे. एवढे लिहून कागद त्याच्याकडे देतो.

धाड, ४ ऑगस्ट १९६८
शे. पु. पडोळ

साक्षीदार:
१. रंगराव मोरे, धाड
२. उकंडराव इंगळे, धाड

(दुसऱ्या सहीखाली, साक्षीदाराच्या अक्षरात)
वाचलं. खरं हाये म्हणून सही केली. माफ केलं नाई. पंगतीले येतो, कौशल्याले घेऊन.